सकाळचा बब्या, दुपारचा बब्या

२ फेब्रुवारी

बब्या,

काल तुला फोन केला तर म्हणालास, "ताई, यापुढे फोनवर नको, लेखी कळव," आणि ठेवूनच दिलास. मला वाटलं, चुकून भलत्याच साहेबाला फोन लागला. पुन्हा केला तर उचललास, पण हूं की चूं नाही. तुझे दाजी म्हणाले, कामात असेल. मी म्हटलं, कामात असला तर निदान खोकला तरी असता.

तर हे घे लेखी. घरोघर इंटरनेट पुरवून पोट भरणारी बाई सख्ख्या भावाला पोस्टाने पत्र पाठवतेय. तिकीट घ्यायला गेले तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "नेट बंद पडलं का हो तुमचं?" त्या माझ्याच गिऱ्हाईक आहेत. मी काय सांगणार, कपाळ?

आई बरी आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. जिना चढताना तुझं नाव घेते, उतरताना माझं.

आता मुद्द्याचं. आमच्या चढावर तुमच्या लाईट कंपनीची माणसं खांबांवर एक नवी जाडजूड काळी वायर ओढताहेत. विचारलं तर म्हणे, "आता कंपनी नेटपण देणार." बब्या, त्याच खांबांवर माझ्या वायरी आहेत. खांब तुमचे, वायरी माझ्या, दर खांबामागे भाडं मी वेळेवर भरते. म्हणजे घरमालकाने भाडेकरूच्या दुकानासमोर तेच दुकान थाटलं, आणि भाडंही चालूच. हे खरं आहे का? आणि असेल तर हे दुकान चालवणारा दीडशहाणा कोण?

शिवाय गिरणीमागच्या रस्त्यावरच्या खांबांसाठी मी केलेला अर्ज गेल्या पावसाळ्यापासून तुझ्या टेबलावर पडून आहे. खांब अधिकारी तू. सख्खा भाऊ तू. तरी माझं घोडं तिथेच अडलेलं. मी वशिला मागत नाही, तो तुझ्याकडे चालत नाही हे मला ठाऊक आहे. वर्गाचा मॉनिटर असताना बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहायला सांगितली, तर पहिलं स्वतःचं लिहून मार खाणारा तू. मी फक्त विचारतेय, की अर्ज जिवंत आहे का.

ताई


९ फेब्रुवारी

प्रति,
संचालिका, टेकडी केबल

विषय: आपल्या पत्राची पोच

महोदया,

आपले पत्र मिळाले. त्यास आवक क्रमांक देऊन ते फाईलला लावले आहे. नियामक आयोगाच्या नव्या आदेशानुसार, वीज कंपनीच्या खांब विभागाने इंटरनेट व्यवसायातील कोणाशीही केलेला व्यवहार लेखी असणे आवश्यक आहे. आपण सदर व्यवसायात असल्याने आपल्याशी दूरध्वनीवर बोलता येत नाही, याबद्दल दिलगीर आहे.

कंपनी इंटरनेट देणार, हे खरे आहे. त्यासाठी वेगळी उपकंपनी स्थापन झाली आहे. आपला अर्ज विचाराधीन आहे.

कळावे.
खांब अधिकारी

ताई, हे खालचं मी माझ्या पेनने लिहितोय, पण तेही फाईलला लागणारच. काय करणार, आदेशात "सर्व पत्रव्यवहार" असं म्हटलंय. आईच्या गुडघ्यांचा भाग तेवढा वगळावा का, असं मी वर विचारलं. साहेब म्हणाले, आलेलं पत्र कापता येत नाही. तेव्हा आईचे गुडघे आता सरकारदरबारी दाखल आहेत. तिला सांगू नकोस.

खोकला मला आला होता. मी फोनवर हात ठेवला होता.


२० फेब्रुवारी

बब्या,

आईला सांगितलं. तिला फार आनंद झाला. म्हणाली, "अखेर कोणीतरी दखल घेतली."

आता माझ्या घरात काय झालं ते वाच, आणि तेही लाव फाईलला. मी शिडीला घेऊन तलावाच्या बाजूला वायर जोडायला गेले होते. शिडी म्हणजे आमचा वायरमन. इतका उंच आहे की त्याला खरी शिडी क्वचितच लागते. परत येऊन पाहते तर आईच्या खोलीत डोक्यावर टोपी घातलेला एक मुलगा भिंतीला भोक पाडतोय. तुमच्या कंपनीचा. आईने नेट घेतलं. माझ्या घरात. मी वीस पावलांवर तेच विकत असताना.

म्हटलं, "आई, हे काय?" तर म्हणते, "तो म्हणाला लाईट कंपनीचं आहे. म्हणजे माझ्या बब्याचं. त्याची बोहनी मी नाही करायची तर कोणी करायची?" तुझे दाजी पेपरामागे तोंड लपवून हसत होते. पेपर हलत होता, म्हणून कळलं.

मग त्या मुलाने माहितीपत्रक दिलं. खाली लिहिलंय, "उपकंपनी प्रमुख," आणि वर सही. त्या सहीच्या शेवटी शेपटीसारखी एक रेघ आहे. ती रेघ मी तू दुसरीत होतास तेव्हापासून ओळखते.

म्हणजे तो दीडशहाणा तूच. मी सरळ विचारलं होतं, दुकान कोण चालवतं, आणि तू म्हणालास, "उपकंपनी स्थापन झाली आहे." जशी काही ती पावसाळ्यात भिंतीवर आपोआप उगवली. बब्या, तू खोटं बोलला नाहीस, पण खरंही सांगितलं नाहीस. हे तू कधी शिकलास?

आणि तुमचा तो भाव. तेवढ्यात मला वायरसुद्धा पडत नाही. तुम्हाला पडते, कारण खांब, गाडी, शिडी, माणसं, सगळं लाईटबिलातून आधीच आलेलं आहे. लाईटबिल कोण भरतं? माझी गिऱ्हाइकं. मीसुद्धा. म्हणजे माझा गळा कापायच्या सुरीला धार मीच लावून देतेय, दर महिन्याला, शेवटच्या तारखेच्या आत. हे मी आयोगाला कळवणार आहे. आधी तुला सांगतेय, कारण मागून वार करणं मला जमत नाही.

ताई


१ मार्च

ताई,

वरचा मजकूर आज गाळतो. "महोदया" लिहिलं आणि खोडलं.

आधी नाही सांगितलं, कारण लाज वाटली. ऐक. आयोगाने आदेश काढला, की वीज कंपनीला इंटरनेट विकायचं असेल तर खांब विभाग आणि इंटरनेट कंपनी पूर्ण वेगळी हवी. वेगळी जागा, वेगळे हिशेब, वेगळा प्रमुख. एकीकडची माहिती दुसरीकडे जाता कामा नये, नाहीतर खांबवाले आपल्याच पोराला गोडधोड भरवतील आणि इतरांच्या तोंडाला पानं पुसतील. आदेश चांगला आहे. तुझ्यासारख्यांसाठीच आहे.

आमच्या साहेबांनी तो वाचला आणि सुताराला बोलावलं. माझ्या खोलीच्या मधोमध प्लायवुडची भिंत उभी राहिली. डावीकडे खांब विभाग, उजवीकडे इंटरनेट कंपनी. दोन दारं, दोन पाट्या. दोन प्रमुखांचे पगार मात्र साहेबांना नको होते. म्हणून सकाळी मी डावीकडे बसतो आणि जेवणानंतर उजवीकडे. आयोगाच्या माणसाने येऊन भिंत ठोकून पाहिली आणि "ठीक" लिहून गेला. भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकच चष्मा ठेवलेला असतो, हे त्याने पाहिलं नाही.

मी ते मनापासून पाळतोय. दुपारच्या मला खांब हवे असले की मी सकाळच्या मला अर्ज लिहितो, बाहेरून वळसा घालून डावीकडच्या पेटीत टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो उघडून वाचतो. पहिल्यांदा मला अक्षर ओळखीचं वाटलं. उजवीकडे वेगळा कप ठेवलाय, वेगळी छत्री. सकाळी कळलेलं दुपारी वापरायचं नाही आणि दुपारी कळलेलं सकाळी. यात काय चुकतंय ते मला कळत नाही, पण काहीतरी चुकतंय.

गाडी दिलीय मला. दुपारच्या मला. सकाळी मी बसने येतो.

तुझा,
(हे मी जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. या वेळात मी कोण, ते आदेशात नाही.)
बब्या


१२ मार्च

[पहिलं पाकीट]

सकाळच्या बब्यास,

तुझ्या पत्रावर आधी मी इतकी हसले की शिडी धावत आला. मग तुझी नोटीस आली आणि हसू जागच्या जागी विरलं.

"आपल्या वायरी वीजवाहक तारांच्या अतिजवळ आहेत. पुढील महिनाअखेर त्या सर्व खांबांवरून उतरवाव्यात." खाली तीच शेपटीवाली सही.

सर्व वायरी. बब्या, तुला माहिती आहे त्याचा अर्थ काय. त्या वायरींवर आमचं घर चालतं, शिडीचं चालतं, ऑफिसातल्या दोघींचं चालतं. एक-एक घर दार ठोठावून मिळवलंय मी. लोक विचारायचे, "बाई, तुम्हाला जमेल का?" तेव्हा मी गच्चीवर चढून दाखवायचे.

आणि एक सांग. त्याच खांबांवर, माझ्याही वायरीच्या वर, तुमची ती काळी वायर आहे. ती तारेच्या आणखी जवळ आहे. खाली उभं राहून साध्या डोळ्यांनी दिसतं. तिला नोटीस नाही. का? ती घरची म्हणून?

मला वाईट वाटलंय. रागवायचं होतं, पण वाईटच वाटलंय.

ताई

[दुसरं पाकीट]

दुपारच्या साहेबांस,

आपली-माझी ओळख नाही. माझी आई मात्र आपली गिऱ्हाईक आहे. आपलं नेट रोज संध्याकाळी ऐन रंगात आलेल्या मालिकेत अडखळतं आणि नटीचं तोंड उघडंच राहतं. मग आई माझ्या वायरीवर बघते आणि वर मलाच म्हणते, "त्याचं नवीन आहे, शिकेल." तक्रार नोंदवून घ्यावी.

टेकडी केबल


१६ मार्च

चि. बब्या,

हे तुझ्या दाजींच्या हातून लिहून घेतेय. ते मधे मधे स्वतःचं घालतात, तिकडे लक्ष देऊ नकोस.

तुझी ताई तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते. ती मोठी फोन कंपनी आहे ना, गावोगाव जिचे मनोरे आहेत, त्यांचा माणूस दोनदा येऊन गेला. गुळगुळीत बूट. म्हणतो, "खांबांवरून वायरी उतरल्या की तुमचं काय राहणार? त्याआधी सगळं आम्हाला विकून टाका." ताईने नाही म्हटलेलं नाही. कागद कपाटात ठेवलेत. परवा ऑफिसच्या पाटीकडे बराच वेळ बघत उभी होती. तुला माहितीये, ती पाट्या बघत उभी राहणारी बाई नाही.

तिला वाटतं नोटीस तू मुद्दाम काढलीस. मी म्हटलं, त्याला मुद्दाम काही करता येत नाही, लहानपणापासून.

पण तिला जिंकवूही नकोस. माझ्या खोलीत दोन्ही वायरी आल्यापासून दोघंही फोन करून विचारतात, "आजी, बरं चाललंय ना?" एकच वायर होती तेव्हा कोणी विचारत नव्हतं, पोटची मुलगी असून. उद्या तिची वायर गेली की तुम्ही भाव वाढवाल. तू नाही वाढवलास तर तुझा साहेब वाढवेल. आणि तो बूटवाला आला तर मला माझ्याच घरात तक्रारीसाठी नंबर दाबत बसावं लागेल. मला दोन्ही हव्यात. दोघांना एकच माप लाव म्हणजे झालं.

(सासूबाईंचं म्हणणं शब्दशः. फक्त बूट मीही पाहिले, खरंच फार गुळगुळीत होते. दाजी.)

आई


२१ मार्च

ताई,

नोटीस मुद्दाम काढली नाही. पण चुकूनही काढली नाही. मी तुझ्या चढावर येऊन गेलो, सकाळी, बसने. तुझ्या वायरी खरोखर तारेच्या फार जवळ आहेत. वादळात झोका बसला तर शिडीच्या जिवावर बेतेल. नियम बरोबर आहे. मी वर घरापर्यंत आलो नाही, कारण आईने पाहिलं असतं आणि मग मी रडलो असतो.

काळ्या वायरीचं विचारलंस. ती किती जवळ आहे, हे मला माहीत होतं. पण ते मला दुपारी माहीत होतं. आणि दुपारचं सकाळी वापरायचं नाही. त्या दिवशी खांबाखाली उभा राहून मी फक्त तुझ्याच वायरी पाहिल्या. वर नजर जात होती, ती ओढून खाली आणत होतो. मला वाटत होतं, हाच प्रामाणिकपणा.

आता हे तू सकाळच्या मला लेखी कळवलंस. त्याला आवक क्रमांक पडला. तेव्हा ते आता मला सकाळीही माहीत आहे. तुला मी आणखी काही सांगू शकत नाही. फक्त, चार तारखेला आयोगासमोर तुझ्या तक्रारीची सुनावणी आहे. ये. आणि जे माझ्यासमोर बोलतेस, तसंच बोल.

बब्या


६ एप्रिल

बब्या,

तू तिथे होतास, पण मान इतकी खाली होती की तुला काही दिसलं असेल असं वाटत नाही. म्हणून सांगते.

तुमच्या वकिलांनी तासभर भाषण ठोकलं. स्पर्धा वाढेल, भाव उतरतील, ग्राहक राजा होईल. मी मनात म्हटलं, राजाला आधी खांबावर तर चढू द्या. मग अध्यक्षबाईंनी आमची फाईल उघडली. बोटभर जाड. त्यांनी चष्मा वर केला आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर "मातोश्रींचे गुडघे आता कसे आहेत?" तुझे साहेब तुझ्याकडे वळून बघायला लागले. मी म्हटलं, "चढताना त्रास होतो, उतरताना कमी." त्यांनी ते लिहून घेतलं.

माझं भाषण मी तीन दिवस घोकलं होतं. लाईटबिल, सुरी, धार, सगळं. उभी राहिले आणि तुझं टक्कल दिसलं. तिथेच सगळं विसरले. एवढंच विचारलं, "खांब विभाग मला जो नियम लावतो, तोच स्वतःच्या कंपनीला लावतो का? आणि माझा अर्ज आधी आला असेल, तर तो मागे का?"

अध्यक्षबाईंनी आदेश दिला. वायर कोणाचीही असो, माप एक, भाडं एक, रांग एक. इंटरनेटचा खर्च लाईटबिलात टाकायचा नाही. कोणाला सवलत दिली तर सगळ्यांना द्यायची, नाकारली तर कारणासह आयोगाला कळवायचं. आणि शेवटी, "नातेवाइकांच्या प्रकृतीची चौकशी तोंडी करण्यास हरकत नाही." लोक हसले. तू हसला नाहीस.

तुमचे वकीलही हसत होते, पण वेगळं. "आदेश मान्य आहे" म्हणून लगेच खाली बसले. मला तेव्हाच कळलं. मान्य का नसणार? मापही तुमचं, मोजणारा तुमचा, आणि मोजून घेणाराही तोच. प्लायवुडच्या दोन्ही बाजूंना तूच. स्वतःला कोण नापास करतं?

सोमवारी बूटवाला येणार आहे. आईने तुला सांगितलंच असेल, तिच्या पोटात काही राहत नाही. मी सही करणार आहे. महिनाअखेरीपर्यंत सगळ्या वायरी हलवणं मला एकटीला शक्य नाही, आणि अर्ज तर पडलेलाच आहे. तुझ्यावर राग नाही. दमलेय रे. शिडीला अजून सांगितलं नाही, तो नव्या रस्त्यासाठी हुक घासून ठेवतोय.

ताई


१० एप्रिल, हातोहात

ताई,

सही करू नकोस. आधी हे वाच. आमच्या लाईनमनच्या गाडीतून पाठवतोय, पोस्टावर भरवसा नाही.

सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी डावीकडे बसलो. आदेश समोर ठेवला. माप एक. मग तुझ्या चढावर माणसं पाठवून सगळ्या वायरी मोजून घेतल्या, तुझ्याही आणि काळीही. काळी वायर तुझ्यापेक्षा वाईट ठरली. म्हणून इंटरनेट कंपनीच्या प्रमुखाला नोटीस काढली. तुला काढली होती तीच, शब्दही बदलला नाही. "सर्व खांबांवरून उतरवाव्यात." सही केली, बाहेरून वळसा घालून उजवीकडच्या पेटीत टाकली.

दुपारी ती मला मिळाली. ताई, मला इतका राग आला. महिनाअखेरीपर्यंत सगळ्या वायरी कशा हलवायच्या? माणसं कुठून आणायची? लोकांना काय सांगायचं? खांब विभागाला काळीज म्हणून काही आहे की नाही? मी हे सगळं लिहायला घेतलं, आणि लिहिता लिहिता लक्षात आलं की हे पत्र मी आधी वाचलंय. तुझं होतं.

मग मी मुदतवाढ मागितली. वायरी न उतरवता तिथल्या तिथे खाली घेण्याची परवानगी, वर्षअखेरीपर्यंत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती मागणी वाचली. रास्त वाटली. मंजूर केली. आणि एकाला दिलेली सवलत सगळ्यांना द्यायची असते, म्हणून तुलाही. पत्र सोबत जोडलंय. वायरी खाली घे, उतरवू नकोस.

दुसरं, गिरणीमागचा रस्ता. त्या खांबांसाठी दोन अर्ज आहेत. एक तुझा, गेल्या पावसाळ्यातला. दुसरा माझा, दुपारचा, गेल्या महिन्यातला, जो मी आल्या आल्या मंजूर करून टाकला होता. ती मंजुरी रद्द केली. आता रांगेत आधी तू. तुझा मंजूर केलाय, तोही सोबत. माझा त्याच्या मागे आहे. त्यात दोन चुका आहेत, दुरुस्तीसाठी परत पाठवलाय.

साहेबांनी बोलावलं. लाल झाले होते. "स्वतःच्या कंपनीला नोटीस काढलीत? ती खुर्ची तुम्हाला कशासाठी दिली होती?" मी म्हटलं, "भिंत बांधलीत साहेब, म्हणून." नोटीस मागे घ्या म्हणाले. मी म्हटलं, घेतो, फक्त कारण लिहून आयोगाला पाठवावं लागेल, आपण सांगा, मी लिहितो. त्यांनी नोटीस माझ्याकडे परत सरकवली. मग म्हणाले, "बहिणीला पुढे घातलंत."

मी म्हटलं, "घातलं नाही साहेब. ती माझ्या आधीच आलेली आहे."

आजपासून उजवीकडे दुसरा माणूस बसतो. गाडी गेली. खरा वेगळा प्रमुख आला, म्हणजे आयोगाच्या मनासारखं झालं. भिंतीपलीकडून तो खोकतो तेव्हा बरं वाटतं, मी नाही म्हणून.

सही केली नाहीस ना? या गाडीवाल्याबरोबर कळव.

बब्या


२९ एप्रिल

बब्या,

गाडीवाल्याबरोबर फक्त "नाही" एवढंच पाठवलं, कारण त्याला परत जायची घाई होती.

तुझं पाकीट आलं तेव्हा बूटवाला समोर बसून चहा पीत होता, आणि मी पेनाचं टोपण काढलं होतं. गाडीवाला दारात उभा, म्हणे साहेबांनी हातात द्यायला सांगितलंय. मी तिथेच वाचलं. वाचता वाचता डोळ्यांना पाणी आलं, तर त्या माणसाला वाटलं, विकताना जड जातंय. म्हणतो, "होतं असं." मी म्हटलं, "चहा संपवा आणि निघा." तुझे दाजी त्याला रस्ता दाखवायला फाटकापर्यंत गेले. रस्ता एकच आहे.

मग आईला सगळं वाचून दाखवलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "पुन्हा फळ्यावर स्वतःचं नाव लिहून आला." एवढंच. मग उठून पाणी प्यायला गेली.

मी आयोगासमोर उभी राहून मनात म्हटलं होतं, स्वतःला कोण नापास करतं. तुझ्या साहेबांनीही हाच हिशेब केला होता. त्यांचं सोड, त्यांनी तुला शाळेत पाहिलेलं नाही. पण मी पाहिलं होतं, आणि मीच विसरले. याची मला लाज वाटते.

आमच्या दारासमोरच्या खांबावर आता सगळ्यात वर तारा, मग मोकळी जागा, मग तुमची काळी वायर, आणि तिच्या खाली, नियमाइतकं अंतर ठेवून, माझी. शिडीने बसवलीय. तुमची माणसं आणि तो एकाच दिवशी वर होते, एकमेकांना पक्कड देत होते. आई खिडकीतून बघत होती. संध्याकाळी तिने दोन्हीकडे फोन केले, की समोरच्याने भाव कमी केलाय, तुमचं काय? दोन्हीकडून उतरला. तो नवा प्रमुख नमला, आणि मीही. माझ्याच घरातून मला फोन करून, बब्या. आवाज बदलून.

गिरणीमागच्या रस्त्यावर उद्या पहिली वायर टाकतोय. तुमची मागून येईलच. आली की बघून घेऊ, मी काही हात बांधून बसणार नाही.

आता गाडी नाही म्हणतोस, तर बसने ये. सुनावणीला आलास, चढावर येऊन गेलास, पण घरी आला नाहीस. आयोगाने प्रकृतीबद्दल बोलायला परवानगी दिलीय, तेव्हा वायरींचा विषय नको. तू, मी आणि आई बसू आणि गुडघ्यांबद्दल बोलू.

आणि येण्यासाठी अर्ज करू नकोस. या दारातल्या रांगेत पहिला तूच आहेस.

ताई